चर्च मॅनेजमेंट ॲप घ्यावं का? पाळकाच्या (पास्टरच्या) बाजूने रिव्ह्यू

आमच्या कमिटीने मोठ्या हौसेने हे ॲप घेतलं. सभासदांची यादी, हजेरी, दानार्पण, भेटी, प्रार्थना विनंत्या, सगळं एकाच ठिकाणी. नाव मुद्दाम देत नाहीये, माझं भांडण कंपनीशी नाही.

आधी चांगलं सांगतो. भेटींची नोंद हे फीचर खरंच भारी आहे. लोकांना वाटतं पाळक म्हणजे रविवारी तासभर बोलायचं आणि उरलेले सहा दिवस निवांत, पण उपदेशाची तयारी चालू असते तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन येतो, तिथून निघावं तर कुणाच्या तरी घरी नवरा-बायकोचं टोकाला गेलेलं असतं, मग दफनविधी, आणि त्याच संध्याकाळी तरुण संघात हसतमुखाने हजर व्हायचं असतं. या पळापळीत होतं काय, की जो जास्त फोन करतो त्याच्याकडे जास्त फेऱ्या होतात आणि मागच्या बाकावरच्या ज्या आजी कधी काही मागत नाहीत त्यांच्याकडे कुणीच फिरकत नाही. ॲप शेवटच्या भेटीच्या तारखेने यादी लावून देतं, सगळ्यात जुनी भेट सगळ्यात वर. मी रोज उघडतो ती एवढी एकच स्क्रीन.

भेटी वडीलजनांमध्ये, म्हणजे पाळकाला मदत करणाऱ्या चर्चमधल्या जबाबदार माणसांमध्ये, वाटून पण देता येतात. बायबलमधल्या निर्गमच्या १८ व्या अध्यायात इथ्रो जावयाला, म्हणजे मोशेला, हेच सांगतो ना, एकटा करशील तर थकून जाशील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. ॲपने त्याचं बटण केलंय, छान आहे, फक्त बटण दाबलं म्हणून वडीलजन जातातच असं नाही आणि गेले तरी घरचे दारातच विचारतात, "पाळकसाहेब नाही आले?" यावर कुठलंही अपडेट येणार नाही, ते मंडळीतच सोडवावं लागेल.

आता हजेरी. शंभरातले नव्व्याण्णव आले की ॲप मस्त हिरवा रंग दाखवतं 😄 बायबलमधला लूकचा १५ वा अध्याय, जिथे मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकाला शोधायला जातो, तो वाचलेल्या कुणी हे बनवलं नसणार. आणि हा रिपोर्ट सोमवारी सकाळी सगळ्या कमिटीला आपोआप जातो. रविवार हा आमचा कामाचा दिवस, त्यामुळे बरेच पाळक सोमवारी सुट्टी घेतात, नेमकं तेव्हाच "या वेळी आकडा कमी का?" असे फोन सुरू होतात. सेटिंगमध्ये जाऊन हा रिपोर्ट महिन्यावर टाका, पहिलं काम तेच करा.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र प्रार्थना विनंत्यांबद्दल आहे. माणूस पाळकाजवळ येऊन मुलाचं व्यसन सांगतो, कर्ज सांगतो, लग्न मोडायला आलंय ते सांगतो. ती नोंद इथे टाकली की ज्याच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड आहे त्या प्रत्येकाला दिसते, खजिनदारापासून ऑफिसातल्या मुलापर्यंत. फक्त पाळकापुरती खाजगी नोंद ठेवायची सोयच नाही! पापनिवेदनात, म्हणजे माणूस पुरोहिताजवळ आपली पापं कबूल करतो तेव्हा, ऐकलेलं फोडणाऱ्या कॅथलिक पुरोहिताला १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने पदावरून काढायची शिक्षा ठरवली होती. आमच्याकडे पापनिवेदनाची तशी पद्धत नसली तरी विश्वासाने सांगितलेलं बाहेर गेलं की तो माणूस परत तोंड उघडत नाही, आणि चर्चलाही येत नाही. म्हणून मी इथे फक्त "प्रार्थना करा" एवढंच टाकतो, बाकीचं डोक्यात. त्याचं ओझं होतंच, पण हे ॲप काही ते हलकं करत नाही.

कॅलेंडर तर विचारूच नका. दरवर्षी त्याच तारखेला आठवण एवढाच पर्याय, नाताळला ते ठीक आहे, पण ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कुठेही येतो, त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार (उपवासकाळाची सुरुवात) आणि ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण), म्हणजे दरवर्षी अर्धं कॅलेंडर हाताने सरकवा. चर्चसाठी बनवलेल्या ॲपमध्ये हे नसावं म्हणजे कमाल आहे.

पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन त्या भेटींच्या यादीचे. घ्यायचंच असेल तर आधी डेटा बाहेर कसा काढता येतो ते बघून घ्या, कारण पाळकाची बदली होते आणि ॲप तिथेच राहतं. यात एकतर सगळं एक्सपोर्ट होतं नाहीतर काहीच नाही. पुढच्या पाळकाला पत्ते आणि भेटींच्या तारखा नक्की मिळाव्यात, पण कोण कशासाठी रडलं होतं ते का मिळावं? सपोर्टला विचारलंय, अजून उत्तर नाही. आलं की इथे टाकतो.