मावशीचा केक आणि ग्रॅममध्ये बोलणारा वजनकाटा

मावशीच्या केकची कृती माझ्याकडे आली ती तुपकट डाग पडलेल्या एका कागदावर: दोन कप मैदा, एक कप साखर, एक कप बटर, चार अंडी, एक चमचा बेकिंग पावडर आणि खाली 'नेहमीप्रमाणे भाजणे' एवढीच सूचना. जितक्यांदा मी हा केक केला तितक्यांदा तो कोरडा झाला आणि वरून तडकला. दोष मी कधी ओव्हनला, तर कधी स्वतःच्या हाताला देत राहिले. स्वयंपाकघरात वापरायचा डिजिटल वजनकाटा घेतल्यावर मात्र खरे कारण पहिल्याच दिवशी सापडले.

मावशीचा कान तुटलेला कप मी मागवून घेतला, रिकामाच काट्यावर ठेवून आकडा शून्य केला आणि त्यात काठोकाठ पाणी भरले. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे कपाचे माप सरळ समोर आले: २०५ मिलिलिटर. माझा मापाचा कप २४० चा. कप मोठा झाला की मैदा, साखर आणि बटर वाढतात, पण अंडी नगावर मोजलेली असल्यामुळे चारच राहतात. त्यातून मावशी मैदा आधी चाळून चमच्याने अलगद कपात सोडते, आणि मी मात्र कप पिशवीत खुपसून दाबून भरत होते. तिच्या पद्धतीने दोन कप मैदा २०५ ग्रॅम भरला, माझ्या पद्धतीने ३००. जवळजवळ दीडपट मैद्याला तेवढ्याच अंड्यांचा ओलावा पुरणार कसा?

बाकीचे घटकही तोलले. बटर १९५ ग्रॅम, साखर १७५, टरफलाशिवाय अंडी २००. म्हणजे हा तर जवळपास जुना पाउंड केकच, ज्यात मैदा, बटर, साखर आणि अंडी प्रत्येकी एक पाउंड, अर्थात सुमारे ४५४ ग्रॅम, घेत असत. आपल्या घरचीच म्हणून जपलेली कृती अशी सर्वांची निघाल्याचे मावशीला मुळीच वाईट वाटले नाही. "पण चाळायला काटा शिकवतो का?" एवढेच तिने विचारले.

आता काट्याविषयी. एकाच भांड्यात एकेक घटक घालून दर वेळी आकडा शून्यावर आणता येतो, त्यामुळे घासायची भांडी निम्म्याने कमी होतात. वरची काच गुळगुळीत असल्याने बटरचे डागही पटकन निघतात. तक्रारी दोन आहेत, आणि पहिली खरोखर चीड आणणारी आहे: थोडा वेळ हात लागला नाही की काटा आपोआप बंद होतो आणि मैदा चाळेपर्यंत आधीचे वजन पुसले जाते. त्यामुळे प्रत्येक आकडा कागदावर टिपत जावे लागते. दुसरी अशी, की मोठे भांडे ठेवले तर आकडे त्याच्या सावलीत दडतात. घेणाऱ्याने आकड्यांची पट्टी बाहेर ओढता येणारा प्रकार पाहावा.

एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजणाऱ्या या काट्याला चिमूटभर मीठ कळतच नाही. म्हणून नव्या कागदावर मी मैदा, बटर, साखर आणि अंडी ग्रॅममध्ये लिहिली आहेत, तर मीठ आणि बेकिंग पावडर चमच्यातच ठेवली आहे. चमचा मात्र मावशीचाच, कारण तोही मी अद्याप पाण्याने मोजलेला नाही.