कार्ड गार करून देतो म्हणाला: ४६,५०० रुपये गेले आणि ग्राफिक्स कार्डही गेलं

नागपुरात कुणी "पाण्याने गार केलेलं ग्राफिक्स कार्ड मे महिन्यातही पन्नास अंशांच्या वर जाणार नाही" असं छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्या दुकानातून तसेच बाहेर पडा. बाहेर ४५ अंश, खोलीत कूलर लावून ३४-३५. कार्डाची उष्णता घेऊन आलेलं पाणी ज्या रेडिएटरमध्ये गार होतं, तो त्याच हवेने गार होतो, म्हणजे पाणी खोलीपेक्षा थंड होणारच नाही, आणि कार्ड पाण्यापेक्षा गरमच राहणार. हे मला माहीत होतं. म्हणूनच संताप जास्त आहे.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. लगीनसराईत माझं आरटीएक्स ३०८० कार्ड रात्रंदिवस रेंडर करत असायचं, म्हणजे एडिटमधून अंतिम व्हिडिओ तयार करत असायचं. पंख्यांवर कोअर (कार्डाची मुख्य चिप) ८३ आणि मेमरी १०४ अंशांपर्यंत जायची. ही मेमरी ११० च्या आसपास गेली की कार्ड आपोआप वेग कमी करतं, त्यामुळे काहीतरी करणं भागच होतं. सीताबर्डीच्या एका गल्लीतला दुकानदार कस्टम लूप, म्हणजे कार्डावरून पाणी फिरवून ते गार ठेवणारी जोडणी, बसवून देतो असं कळलं. त्याचा हिशोब असा: कार्डाच्या चिपवर बसणारा, आतून पाणी जाणारा, निकेल चढवलेला तांब्याचा ब्लॉक १५,५००, ३६० मिलिमीटरचा रेडिएटर ९,०००, पंप आणि टाकी ११,५००, फिटिंग आणि नळ्या ५,५००, बसवणावळ ५,०००. त्यातले ३०,००० यूपीआयने आगाऊ घेतले, १६,५०० रोख. बिल मागितलं तर म्हणे, "भाऊ, बिल कायले पाहिजे? अठरा टक्के जीएसटी उगाच जाईन. मी हाओ ना!" बिल नाही तर माल नाही, एवढं पक्कं धरा.

आता तो क्षण. दुकानात एसी २२ वर. त्याने टेस्ट लावली, स्क्रीनवर हिरव्या मोठ्या अक्षरांत ४९ अंश. त्याच आकड्याच्या खाली बारीक अक्षरांत १८२ वॅट लिहिलेलं होतं. ३२० वॅटचं कार्ड पूर्ण ताकदीने चालतंय म्हणतो आणि १८२ वॅट खातंय! तिथेच दिसायला हवं होतं. माझी नजर त्या ओळीवरून गेली, मला आठवतं. पण गिऱ्हाइकाचं काम अडकलेलं, दुकानात गर्दी, तो सारखा बोलतोय, आणि चार-पाच मिनिटांत त्याने टेस्ट बंदही केली. पाणी तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. अर्ध्या तासाच्या आतली टेस्ट मानूच नका.

घरी आल्यावर रेंडरला जवळपास दीडपट वेळ लागू लागला. आफ्टरबर्नर हे कार्डाच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं तर पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज खायची ती मर्यादा) ५७ टक्क्यांवर ठेवून प्रोफाइल सेव्ह केलेलं, विंडोज सुरू झालं की आपोआप लागणारं. लिमिट १०० वर नेलं: कोअर ७९, हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) १०२, मेमरी १०६. म्हणजे मेमरीवरचे जुनेच थर्मल पॅड (उष्णता ब्लॉककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) परत चिकटवलेले. कोअरचा एकटा आकडा कुणी दाखवला तर हॉटस्पॉट आणि मेमरी दाखव म्हणा. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही दिसतात, फुकट आहे. फोन केला तर "पाणी बदलून पाहा". नंतर फोन उचलणंच बंद.

पावसाळा लागला तसा पंप घरघरायला लागला. मग एका रात्री रेंडर चालू असताना स्क्रीन काळी. ब्लॉकखालून पाणी बोर्डावर उतरलेलं. स्क्रू काढून ब्लॉक उघडला. बारीक फटींमध्ये पांढरट-राखाडी चिखल बसलेला, बोटाला चुन्यासारखा लागत होता. स्क्रूच्या भोकाजवळ कानसीने घासलं. तांबूस निघायला हवं होतं, चंदेरी निघालं. अॅल्युमिनियम! रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि ब्लॉक अॅल्युमिनियमचा, दोन्ही एकाच पाण्यात. असं केलं की अॅल्युमिनियम झिजत जातं, हे या धंद्यातल्या पोराटोरालाही माहीत असतं. त्याला माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. ब्लॉक घेताना हातात तोलून पाहा: तांबं अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं. ७२,००० चं कार्ड दुरुस्तीवाल्याने "बोर्ड गेला" म्हणून परत दिलं.

पोलीस ठाण्यात गेलो. "तुम्ही नेलं तेव्हा चालू होतं ना? मग फसवणूक कुठे झाली? हा दिवाणी मामला आहे." तांबं सांगून अॅल्युमिनियम विकलं, ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? अर्जाची पोच मागितली तर "साहेब आल्यावर या". साहेब आले तर म्हणे सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, समोरासमोर व्यवहार झाला, आमच्यात बसत नाही. व्यापाऱ्यांच्या एका संघटनेत गेलो, तिथल्या पदाधिकाऱ्याने माझ्यासमोरच त्या दुकानदाराला फोन लावला, दोघं हसून बोलले, आणि मला सांगितलं, "आपसात मिटवून घ्या." मी टॅक्स भरतो, सगळे कागद घेऊन उन्हापावसात फिरतो, आणि दर टेबलावर मलाच विचारलं जातं की बिल का नाही घेतलं! ज्याने बिल दिलं नाही त्याला का नाही विचारत?

बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि चॅट पुरावा म्हणून जोडता येतात. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी नोंद करून ठेवा. माझी तक्रार दाखल झाली आहे. ब्लॉक, तो चिखल आणि आफ्टरबर्नरच्या त्या प्रोफाइलचा फोटो मी जपून ठेवला आहे. ज्यांनी त्याच गल्लीतून ब्लॉक घेतला असेल त्यांनी आजच पॉवर लिमिट तपासा, पाण्याचा रंग बघा, आणि गढूळ दिसलं तर मशीन ताबडतोब बंद करा. ब्लॉक मात्र धुऊ नका, तोच पुरावा आहे.