लाकडी दशमान संच, १२१ नग: सुटे उदंड, दांडे तोकडे

ठाणे आणि वाशीत शैक्षणिक साहित्य ठेवणाऱ्या दुकानांत एकक-दशक-शतक शिकवण्याचा हा संच मागितला की मिळतो. आत एककाचे १०० सुटे ठोकळे, दहाचे १० दांडे, शंभराच्या १० पाट्या आणि हजाराचा एक ठोकळा. सुटा १ सेंमीचा, पुढची सगळी मापं त्यावरून. दुसरी-तिसरीच्या वर्गात याच्याइतकी कामाची वस्तू दुसरी नाही. मात्र एका पेटीत अख्ख्या वर्गाचं भागेल असं धरून चालू नका. बाईंनी पुढे बसून दाखवायचं आणि मुलांनी बघायचं, एवढ्यासाठीच ती पुरते.

हिशेब मांडून बघा. ३६ मुलं, सहा-सहांचे ६ गट. शंभराच्या आतली हातच्याची बेरीज आणि वजाबाकी करायला एका गटाला जास्तीत जास्त ९ दांडे आणि १८ सुटे लागतात, म्हणजे वर्गाला ५४ दांडे आणि १०८ सुटे. सुटे आठच कमी पडतात. दांडे एका गटाला देऊन झाले की पेटीत एक उरतो. दांड्यांपायी सहा पेट्या घेतल्या तर ६०० सुटे आणि ६० पाट्या सांभाळत बसावं लागेल. त्यापेक्षा नुसते दांडे वेगळे मिळतात का, ते दुकानात विचारा. नसतील तर जाड पुठ्ठ्याच्या १० सेंमी लांब, १ सेंमी रुंद पट्ट्या कापा. ए-फोर आकाराच्या एका पुठ्ठ्यातून ५८ निघतात. दर सेंमीला ठळक रेघ मारायला विसरू नका. रेघा नसलेली पट्टी मुलाच्या लेखी एकच वस्तू असते, तिच्यात दहा दिसत नाहीत.

पेटी दुकानातच उघडून घ्या. दहा सुटे दांड्याला चिकटवून ओळीत लावा. रंगाच्या थरामुळे प्रत्येक सुटा जेमतेम ०.३ मिमीने फुगला असला, तरी दहा सुटे दांड्यापेक्षा ३ मिमी पुढे जातात. मोठ्यांना ते चालून जातं. पण 'दहा सुटे म्हणजे एक दांडा' हे मूल डोळ्यांनी पडताळत असतं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ते खोटं ठरतं. असा संच परत करा. दहा पाट्या एकावर एक रचून हजाराच्या ठोकळ्याशीही ताडून बघा.

मराठी माध्यमात या संचाचं मोल जास्तच आहे. 'एकवीस' म्हणताना एक आधी आणि वीस नंतर येतं, म्हणून मूल १२ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन आलं, त्यावर वाद झाला, पण अडचण खरीच आहे. घरी मूल 'एकवीस'च ऐकतं. दोन दांडे डावीकडे, एक सुटा उजवीकडे मांडून संख्या दोन्ही तऱ्हांनी म्हणून घ्या. खरी परीक्षा एकोणतीसची. 'तीस' कानावर पडताच मूल तीन दांडे उचलतं. ते तसेच राहू द्या, खाली दोन दांडे आणि नऊ सुटे एका लांब ओळीत लावायला सांगा. शेवटी एका सुट्याएवढी जागा रिकामी राहते. त्या जागेवर बोट ठेवून 'एक उणा तीस' म्हटलं की एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास यांची एकत्रच उकल होते.

वजाबाकीत बहुतेक गट एकाच ठिकाणी अडतात. ५२ − २७ साठी मुलं ५२ मांडतात आणि शेजारी २७ पण मांडतात. मग काय काढायचं ते कळत नाही. फक्त ५२ मांडायचे, २७ त्यातूनच उचलायचे. सुटे दोनच आहेत, सात हवेत, म्हणून एक दांडा मोडायचा. लाकडी दांडा मोडत नाही, बदलून घ्यावा लागतो, आणि घोटाळा इथेच होतो: दहा सुटे घेतले, पण दांडा परत ठेवलाच नाही! 'आधी दांडा पेटीत, मग सुटे हातात' असा दंडक घाला. पहिलीत मात्र हा संच नकोच. तिथे आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बरे, रबर काढला की दशक खरोखर सुटतो.

तिसरीत हजाराचा ठोकळा दाखवून 'यात सुटे किती?' असं विचारा. ६०० हे उत्तर हमखास येतं, कारण सहा बाजू दिसतात आणि प्रत्येकीवर शंभर घरं. आतलं दिसतच नाही. दहा पाट्या रचून दाखवल्याशिवाय नुसतं '१०००' सांगू नका.

लाकूड की प्लास्टिक? हाताला लाकूड छान लागतं, पण इथला पावसाळा त्याला मानवत नाही. जून ते सप्टेंबर बंद कपाटात राहिलेल्या लाकडाला बुरशी धरते आणि पुठ्ठ्याची पेटी मऊ पडते. खोलीत ओल येत असेल तर सरळ प्लास्टिकचा संच घ्या, धुताही येतो. लाकडीच असेल तर झाकणाच्या डब्यात ठेवा, कोरड्या फडक्याने पुसा, पाण्यात बुडवू नका.

उतरत्या बाकांवर ठोकळे घसरतात, म्हणून सतरंजीवर बसवा. आवरताना गटागटाला एकेक पाटी द्या आणि सुटे तिच्या घरांवर मांडायला लावा. १८ असले की पहिली ओळ भरते आणि दुसरीत दोनच घरं रिकामी राहतात. तिसरं रिकामं दिसलं तर घंटेआधी सतरंजी झटका.