एक मोठा देणगीदार की दरमहा देणारे अनेक?

वर्षाचा निम्मा खर्च एकाच देणगीदाराकडून येत असेल, तर स्वयंसेवी संस्थेचं काम सोपं होतं: एक प्रस्ताव, एक अहवाल, एक भेट. नवा प्रकल्प उभारायला असा पैसा लागतोच. पण तो बहुधा ठरावीक कामासाठी बांधलेला असतो. पगार, भाडं, हिशेबतपासणी यांच्या वाट्याला फारसं येत नाही. देणगीदाराचे अग्रक्रम बदलले की संस्थेचा कणाच हलतो.

दरमहा थोडं देणाऱ्या १०० जणांपैकी ५ गळाले, तरी काम चालू राहतं. मेहनत मात्र जास्त: पावत्या, आभाराची पत्रं, मुदत संपलेली कार्डं, सतत खबरबात. लाट आणि सातत्य यांत गल्लत नको. २०१४च्या आइस बकेट चॅलेंजमुळे, म्हणजे डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायच्या ऑनलाइन मोहिमेमुळे, एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला सुमारे ११.५ कोटी डॉलर मिळाले. तशी लाट दरवर्षी येत नाही.

माझा कल स्पष्टपणे छोट्या देणगीदारांकडे आहे, आणि तो केवळ पैशासाठी नाही. यांच्यातूनच पुढे स्वयंसेवक मिळतात, कधी विश्वस्तही. ही माणसं प्रश्न विचारतात, आणि नेतृत्वाला असे प्रश्न ऐकावे लागणं फार गरजेचं आहे. मोठी देणगी जरूर घ्यावी, पण महिन्याचे पगार तिच्यावर टांगून ठेवू नयेत.