नागपुरात भाड्याचं घर: तळमजला की गच्चीखालचा मजला?

आधी मे महिना डोळ्यासमोर आणा. पारा ४५ ला टेकला की गच्चीखालच्या घरात दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. कूलर दिवसाला शंभरेक लिटर पाणी सहज पितो. नळाची लाइन खिडकीपर्यंत नसेल तर बादल्या वाहाव्या लागतात. समोरची खिडकी बंद असेल तर गारव्याऐवजी नुसता दमटपणा. गच्चीला चुना किंवा उष्णतारोधक रंग मारून देणार का, हे भाडं ठरवण्याआधीच घरमालकाला विचारा.

तळमजला थंड, गाडीही दारात. पण २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घरात शिरलं, हे विसरू नका. भिंतीच्या पायथ्याशी ओलीची रेघ किंवा पोपडे दिसतात का बघा. सिमेंट रस्ता जोत्यापेक्षा उंच झाला असेल, तर पावसाचं पाणी आवारातच वळतं. न्हाणीच्या जाळीतून गटार उलटतं का, तेही शेजाऱ्यांकडून कळेल.

घरात म्हातारं माणूस आहे आणि नाला लांब आहे, तर तळमजलाच घ्या. नाल्याजवळच राहायचं असेल किंवा दुपारभर घराला कुलूप असेल, तर वरचा मजला बरा.