रायझन ५६००जीचा असेंबल पीसी, ग्राफिक्स कार्डाशिवाय: एका लग्नसराईनंतरचा अनुभव

लग्नाचे अल्बम डिझाइन करण्याचं काम मी घरूनच करते. दसऱ्याला हा पीसी असेंबल करून घेतला, त्यावर अख्खी लग्नसराई काढली आणि आता पावसाळा लागलाय.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००जी. २०२१चा आहे, ६ कोअर, १२ थ्रेड, आणि ग्राफिक्स आतच असल्यामुळे वेगळं कार्ड लागत नाही. सोबत बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, एनव्हीएमई (म्हणजे वेगवान प्रकारची) एसएसडी, जुन्या फोटोंसाठी २ टीबीची हार्ड डिस्क आणि ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय.

प्रोसेसरबद्दल सगळेच बोलतात, पण या पीसीचा जीव रॅममध्ये आहे. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, मुख्य रॅमवरच त्याचं भागतं. दुकानातून १६ जीबीची एकच स्टिक लावून आली होती. ३२०० वेगाची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देऊ शकते. ८-८ जीबीच्या दोन लावल्या की तोच आकडा ५१.२ होतो. दुकानदाराने आधी खळखळ केली, मग बदलून दिल्या. त्या दिवसापासून मोठ्या पानावर झूम करताना चित्र अडखळायचं थांबलं. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरायचा असतो, मदरबोर्डच्या पुस्तिकेत ते दिलेलं असतं. आणखी एक, बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या ठरलेल्या वेगाने चालवणारा पर्याय, चालू करेपर्यंत माझी रॅम २६६६वरच धावत होती. तुमच्याकडे काय आहे ते टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की दिसतं. आजच बघा, फुकटचा वेग वाया जात असतो.

एसएसडी जेन ३चीच घेतली, म्हणजे पीसीआयई ३.० या जोडणीवर चालणारी. ५६००जी पीसीआयई ३.०च्या पुढे जात नाही, त्यामुळे जेन ४साठी जादा पैसे मोजले तरी तो वेग इथे मिळणार नाही. चालू काम एसएसडीवर, पूर्ण झालेले अल्बम हार्ड डिस्कवर, ही विभागणी उत्तम चाललीय.

एसएमपीएसवर मात्र काटकसर करू नका. कॅबिनेटसोबत येणारा मी घेतलाच नाही, ८० प्लस ब्राँझचा (हे कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) वेगळा घेतला. आमच्याकडे पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करते, व्होल्टेजही खालीवर होतं. बाकीच्या सगळ्या भागांना वीज याच्यातूनच जाते, तेव्हा तो बिघडला तर सोबत काय काय घेऊन जाईल सांगता येत नाही. यूपीएस आहेच, पण तो फाइल सेव्ह करण्यापुरता.

उन्हाळ्यात एक चिंता होती. प्रोसेसरसोबत आलेला छोटा कूलरच वापरते. मे महिन्यात दुपारी अख्खा अल्बम एक्स्पोर्ट करताना तापमान ८५ अंशांच्या वर जायचं आणि पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू यायचा. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची आहे, म्हणजे धोका नव्हता, तरी बरं वाटेना. कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढली आणि मागे हवा बाहेर फेकणारा एक फॅन बसवला, तेव्हा तापमान उतरलं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने ते भलत्याच वेगाने फिरलं तर बेअरिंग खराब होऊ शकतं.

आता त्याच कंपनीच्या, त्याच वेगाच्या आणखी दोन ८ जीबीच्या स्टिक घेणार आहे, कारण सीझनमध्ये १६ जीबी कमी पडली. फोटोच्या कामाला ग्राफिक्स कार्डाची उणीव भासलेली नाही. फोर-के व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी मात्र कार्डाचे पैसे आधीच बाजूला काढावेत.