पहिल्या कादंबरीचा अभिप्राय आणि २८,५०० रुपये

पहिली कादंबरी लिहून झाली आहे, ती कशी उतरली हे सांगणारं माणूस हवं आहे आणि घरात किंवा मित्रमंडळींत तसं कुणी नाही, अशा अवस्थेत जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. नेमकं याच अवस्थेत मला गाठून एका टोळीने परीक्षण, संपादन आणि नोंदणी अशा नावांखाली माझ्याकडून २८,५०० रुपये घेतले. वर आणखी २५,००० मागितले, तेव्हा प्रकार उघड झाला. नाव बदलून त्यांच्या जाहिराती आजही चालू आहेत.

माझी कादंबरी मिरजेत घडते आणि ती प्रेमकथा आहे. तंबोरे बनवणाऱ्या घरातली मुलगी, जवारी लावण्यात, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून नाद खुलवण्यात, जिचा हात वडिलांपेक्षा सरस आहे. आणि तिथल्याच एका इस्पितळात एक्स-रे काढणारा तरुण, ज्याचा एक कान हळूहळू बहिरा होत चालला आहे आणि ज्याने ते तिच्यापासून लपवलं आहे. या पुस्तकासाठी मी मिरजेत कारागिरांच्या दुकानांत जाऊन बसले. पंढरपूरकडून येणारे भोपळे कसे पारखतात, घोडी घासताना कारागीर कान कसा लावतो, तारेखाली सुताचा दोरा किंचित सरकवला की नाद कसा उमलतो, हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. इतकं केल्यावर माणसाला एकच हवं असतं. कुणीतरी नीट वाचावं.

मराठीत प्रेमकथेला वाचक भरपूर आहेत. मोबाइलवर रोज पुढच्या भागाची वाट बघणाऱ्या मुली, बायका आणि पुरुषही मी पाहते. पण साहित्यावर गंभीरपणे बोलणाऱ्या मंडळींना ‘प्रेमकथा लिहिली आहे’ असं सांगितलं की चेहरे बदलतात. ‘वाचतो, पाठवा’ म्हणतात आणि वाचत नाहीत. ही उपेक्षा त्या टोळीला पक्की ठाऊक होती. त्यांची जाहिरातच अशी होती: ‘प्रेमकथा लिहिताय? कादंबरीचा गोषवारा पाठवा, तज्ज्ञांचा विनामूल्य अभिप्राय मिळवा.’

प्रकाशकाकडे संहिता पाठवताना सोबत पानभर गोषवारा, पहिली दोन-तीन प्रकरणं आणि आपला परिचय पाठवतात. तो गोषवारा वाचून पुढे वाचावंसं वाटतं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. मी तो पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. बोलणारा माणूस अतिशय अदबशीर होता. पुण्यातल्या एका नामवंत प्रकाशनसंस्थेचा आपण साहित्य सल्लागार आहोत, असं त्याने सांगितलं. ‘ताई, तुमच्या नायिकेने मला रात्रभर झोपू दिलं नाही,’ म्हणाला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे विषयाला हीच वेळ आहे, पुढच्या वर्षी उशीर होईल, असंही म्हणाला. मागोमाग ईमेलवर दोन पानांचा अभिप्राय आला. त्यात जवारी होती, बहिरा होत जाणारा कान होता, आणि ‘नाद आणि मौन यांतला संघर्ष’ असे शब्द होते. माझ्या लिखाणाबद्दल इतकं कुणीच कधी लिहिलं नव्हतं.

त्यानंतर पैसे टप्प्याटप्प्याने मागितले गेले. आधी संपूर्ण संहितेच्या परीक्षणाचे ४,५००. परीक्षण ‘उत्कृष्ट’ आल्यावर संपादनाचे १८,०००. मग आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि कॉपीराइट नोंदणीचे ६,०००. शेवटी साहित्य संमेलनात मान्यवरांच्या हस्ते प्रकाशन करण्याचे २५,०००. प्रत्येक वेळी पुढचं दार उघडलेलं दाखवायचं आणि उंबरठ्यावर पैसे मागायचे, अशी ही रचना होती. पहिली रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली असते, कारण ती एकदा दिली की पुढची नाकारणं म्हणजे आपल्याच पुस्तकावर अविश्वास दाखवणं असं वाटू लागतं. यूपीआयने पैसे भरताना पडद्यावर संस्थेचं नाव येत नव्हतं, एका व्यक्तीचं येत होतं. विचारलं तर ‘ते आमचे खजिनदार’ असं उत्तर तयार होतं.

माझे डोळे त्या परीक्षणानेच उघडले, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. गोषवारा मी जुन्या खर्ड्यावरून केला होता. त्यात शेवटी नायिका मिरज सोडून नायकाबरोबर मुंबईला जाते. पुढे मला तो शेवट खोटा वाटला आणि मी बदलला. परीक्षणासाठी पाठवलेल्या संहितेत ती मिरजेतच राहते, वडिलांचं दुकान चालवते आणि तो परत येतो. बारा पानी परीक्षण अहवालात मात्र लिहिलं होतं: ‘नायिकेने जन्मगाव सोडण्याचा शेवट काळीज हेलावून टाकतो.’ २५,००० ची मागणी आल्यावर अहवाल पुन्हा वाचला, तेव्हा त्यात एकाही दुय्यम पात्राचं नाव नाही, एकही संवाद नाही, एकाही पानाचा संदर्भ नाही, हे दिसलं. त्यात होतं ते सगळं त्या एका पानाच्या गोषवाऱ्यातलंच होतं, फक्त फुगवलेलं. यंत्राकडून असा मजकूर आज क्षणात लिहून मिळतो. संहिता कुणी उघडलीसुद्धा नव्हती. पैसे गेल्याचा राग येतोच, पण माझ्या कादंबरीचं शेवटचं पान कुणीही न वाचता त्यावर काळीज हेलावल्याचं लिहिलं गेलं, याची चीड मला जास्त आहे.

त्या प्रकाशनसंस्थेची पुस्तकं माझ्या कपाटात होती. त्यातल्या एका पुस्तकावर छापलेल्या क्रमांकावर फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की या नावाचं आमच्याकडे कुणी नाही, आणि संहिता वाचायचे पैसे आम्ही कुणाकडून घेत नाही. मग ईमेलचा पत्ता अक्षर-अक्षर लावून पाहिला. संस्थेच्या इंग्रजी नावातलं एक अक्षर त्यात दोनदा होतं. घाईत वाचताना ते दिसत नाही. ही युक्ती जुनी आहे. लंडनमध्ये प्रकाशन व्यवसायातच नोकरी करणाऱ्या फिलिपो बर्नार्डिनी या माणसाने इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी-शेजारी लिहून मोठमोठ्या प्रकाशकांच्या नावांचे खोटे पत्ते तयार केले आणि हजाराहून अधिक अप्रकाशित हस्तलिखितं मिळवली. जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी त्याने गुन्हा कबूल केला. त्याला नामांकित लेखक आणि संपादकही फसले होते. म्हणून फसलेल्या नवलेखकाला ‘एवढंही कळलं नाही का’ असं कृपा करून कुणी विचारू नका.

आयएसबीएन आणि कॉपीराइटबद्दल प्रत्येक नवलेखकाला माहिती असायलाच हवी. आपल्या देशात आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो आणि त्याला शुल्क नाही. कॉपीराइट तर लिहिल्या क्षणापासून आपलाच असतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो, आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पुरावा म्हणून नोंदणी करायचीच असेल तर साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. या दोन गोष्टींचे माझ्याकडून ६,००० घेतले, आणि दोन्हींपैकी एकही केली नाही.

‘माझी कल्पना चोरतील का’ ही भीतीही अशी माणसं वापरतात. ‘ताई, नोंदणी करून टाका, नाहीतर कुणीतरी उचलेल,’ हे वाक्य मी ऐकलं आहे. नुसत्या कल्पनेवर कुणाचाच कॉपीराइट नसतो. ती ज्या शब्दांत, ज्या बांधणीत मांडली, त्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. तेव्हा गोषवारा दाखवायला घाबरू नका. कुणाला, कधी, काय पाठवलं याची नोंद मात्र जपून ठेवा. तक्रार करताना मला तीच उपयोगी पडली.

त्यांनी पाठवलेल्या करारनाम्यावर मी सही केली नव्हती, एवढं बरं झालं. त्यात सर्व भाषांतले, सर्व माध्यमांतले, कायमचे हक्क त्यांच्याकडे जाणार होते. वर २०० प्रती मीच विकत घ्यायच्या, आणि रॉयल्टीच्या रकान्यात फक्त ‘नियमाप्रमाणे’. हक्क देताना करार लेखी असला पाहिजे आणि त्यात रॉयल्टी किंवा मोबदला नमूद असला पाहिजे, असं कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणूनच त्यांनी ‘कायमचे’ हा शब्द आवर्जून घातला होता.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. पैसे घेणारा प्रत्येक जण भामटा नसतो. स्वखर्चाने पुस्तक काढण्याची रीत मराठीत जुनी आहे, आणि मुद्रितशोधन, संपादन ही कष्टाची कामं आहेत, त्यांचा मोबदला द्यायलाच हवा. पण प्रामाणिक संपादक आधी तुमची चार-पाच पानं तपासून दाखवतो, काय करणार आणि किती घेणार ते लिहून देतो, आणि पुस्तक गाजेल असं वचन देत नाही. माझ्या ‘सल्लागारा’ने सगळ्या संभाषणांत कादंबरीतला एकही दोष सांगितला नाही. पहिल्या कादंबरीत दोष नाही हे कसं शक्य आहे?

खरा अभिप्राय मला नंतर मिळाला, आणि फुकट मिळाला. आमच्या गावच्या वाचनालयातल्या निवृत्त ग्रंथपाल काकू आयुष्यभर प्रेमकथा वाचत आल्या आहेत, आणि त्याची त्यांना जराही लाज नाही. गोषवारा वाचून त्यांनी विचारलं, ‘अगं, यात मिरज आहे, तंबोरा आहे, पण तिला काय हवंय ते कुठाय? आणि त्याने लपवलेलं कळल्यावर तिचं काय जाईल?’ संहिता वाचून म्हणाल्या, ‘दोघं भेटायला फार पानं लागतात. मी तोवर कंटाळले.’ मी घरी येऊन गोषवारा पुन्हा लिहिला. आता त्याच्या पहिल्याच वाक्यात तिचं स्वप्न आहे आणि दुसऱ्यात त्याने लपवलेला कान. त्या दोन प्रश्नांनी माझ्या पुस्तकाला जेवढं दिलं, तेवढं बारा पानी अहवालाने दिलं नाही. आणखी एक वाट सांगते: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. तिची जाहिरात निघते त्यावर लक्ष ठेवा.

तक्रारीचं सांगायचं तर, पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. माझ्या शेवटच्या हप्त्यातला काही भाग असा अडकवला गेला आहे, आणि तो परत मिळावा म्हणून अर्ज केला आहे. सायबर पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रारही दिली आहे. फसवणूक आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येते. समोरची संस्था खरी आणि नोंदणीकृत असेल, पण कबूल केलेलं काम तिने केलं नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

तक्रार करताना संकोच वाटतो, हे मी जाणते. ‘कसली कादंबरी?’ असं ठाण्यात विचारतील, ‘प्रेमकथा’ म्हटल्यावर हसतील, या धास्तीने कितीजणी गप्प बसल्या असतील. मला विचारलं गेलं, मी सांगितलं, आणि कुणी हसलं नाही. ‘नायिकेने रात्रभर झोपू दिलं नाही’ हे वाक्य तुम्हालाही फोनवर ऐकायला मिळालं असेल, तर पैसे भरले नसले तरी तो फोन क्रमांक, ईमेल पत्ता आणि यूपीआय आयडी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर संशयित म्हणून नोंदवा. ही माणसं संस्थेचं नाव पटकन बदलतात, पण खाती आणि क्रमांक तेच वापरत राहतात. चार तक्रारींत एकच खातं सापडलं तर तपासाला धागा मिळेल.